अंजनगाव सुर्जीचा समुद्रकिनारा

गादीखाली जशा प्लास्टिकच्या पिशव्या साठत जातात, तसे माझ्याकडे किस्से साठलेत. कोणी मुद्दाम आणून ठेवले नाहीत आणि फेकायला जीव होत नाही. चार ओळखीचे लोक चहाला बसले, कोणी विचारलं, "काय म्हणतं तुमचं विम्याचं काम?" की एक ओढावी तर चार बाहेर येतात!

मी अमरावतीची. घरांचे विमे उतरवून देते. म्हणजे आगीत, वादळात घराचं नुकसान झालं तर कंपनीनं भरपाई द्यावी, असा कागद विकते. आठवड्यातून तीन दिवस एस.टी.नं अंजनगाव सुर्जीला जाते. तिथं माझं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे सलीमभाईंच्या हार्डवेअरच्या दुकानातला एक टेबल, दोन खुर्च्या आणि माझ्या नावाची पाटी. त्या पाटीवर सलीमभाई मोजायचा टेप अडकवतात.

सलीमभाई टिनाच्या चादरी विकतात. मी त्याच चादरी उडाल्या तर काय, याचा कागद विकते. उन्हाळ्यात भर दुपारी आभाळ पिवळं पडून वारा सुटला की त्यांच्या चेहऱ्यावर तेज येतं आणि माझा चेहरा पडतो.

"म्याडम," ते म्हणतात, "आपली पार्टनरशिप एक नंबर हाय. हवा चली तो मी खूश, नाई चली तो तुमी खूश. दुकानात एक माणूस तरी हसत रायतेच!"

*

त्या वर्षी मार्चमध्ये इंदिराबाई मोहोड माझ्या टेबलापुढं येऊन बसल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेल्या मास्तरीणबाई. मालक जाऊन बरीच वर्षं झालेली. गावाच्या अगदी शेवटी घर, मागं संत्र्याचा बगीचा, त्याच्यामागं सपाट शेतं. मेळघाटाकडून निघालेला वारा मध्ये कुठंही न थांबता थेट यांच्याच छपराला भेटतो. सलग दोन उन्हाळे टिनं उडाली होती.

त्यांची एकुलती एक लेक सुवर्णा पुण्यात. तिनं आईला निक्षून सांगितलं होतं, "या वर्षी घराचा विमा मिळाला तर राहा तिथं. नाही मिळाला तर घर विकायचं आणि माझ्याकडं यायचं. तू तिथं एकटी, वर छप्पर नाही, मला झोप लागत नाही." इंदिराबाईंनी लगेच कबूल केलं होतं.

"मले वाटलं, विमा म्हन्जे पोष्टाचं तिकीट. गेलं का भेटते!" त्या मला म्हणाल्या. "दोन कंपन्यायनं नाई म्हटलं वो. भिंती पक्क्या इटाच्या, तरी म्हन्ते टिनाचं छप्पर हाय म्हून घर कच्चं. आता तुमीच पाहा. नाई त मले चौदाव्या मजल्यावर जा लागते."

"पण लेकीकडं काय वाईट आहे बाई?" मी विचारलं.

"वाईट काईच नाई. पोरगी लय जीव लावते. पन खिडकी उघडू देत नाई. म्हन्ते, आई, हवा येते!"

तिसऱ्या एका कंपनीनं हो म्हटलं होतं. पण तिनं सांगितलेला हप्ता ऐकून सलीमभाई गल्ल्यावरूनच ओरडले, "इतक्यात त मी दरसाल नवीन छप्पर टाकून देतो बाई, अन् उद्घाटनाले पेढे बी माह्याकडून!"

*

मी आमच्या कंपनीचा ऑनलाइन फॉर्म उघडला. नाव, पत्ता, भिंती, छप्पर, सगळं नीट भरलं. पुढं एक खाना, लाल चांदणीवाला, म्हणजे भरल्याशिवाय पुढं जाता येत नाही: "समुद्रकिनाऱ्यापासून अंतर, किलोमीटरमध्ये."

अंजनगाव सुर्जी! जिथं उन्हाळ्यात नळाला पाणी आलं तरी लोक एकमेकांना फोन करून सांगतात!

मी अंदाजानं टाकलं, सहाशे. कॉम्प्युटर म्हणाला, अवैध. पुन्हा टाकलं. अवैध. मग लक्षात आलं, त्या खान्यात दोनच आकडे बसतात.

इंदिराबाईंमधली मास्तरीण जागी झाली. "दोन अंकी सगळ्यात मोठी संख्या कोनती? नव्व्यान्नव. टाका."

टाकलं. पुढच्या पानावर लाल अक्षरं आली, "आपले घर किनारपट्टीपासून शंभर किलोमीटरच्या आत आहे. चक्रीवादळ अधिभार लागू." आणि हप्ता गेला गगनाला!

मी हेल्पलाइनला फोन लावला. पलीकडची मुलगी फारच गोड बोलत होती. "मॅडम, समुद्र तुमच्यापासून किती लांब आहे?"

"सहाशे."

"मग सहाशे टाका ना."

"बसत नाही."

"मग जेवढं बसतं तेवढं टाका."

"त्यानं अधिभार लागतो हो!"

"मॅडम," ती समजावणीच्या सुरात म्हणाली, "समुद्राजवळ घर घेतलं की तो लागणारच!"

इंदिराबाई सगळं ऐकत होत्या. म्हणाल्या, "समुद्राचे पैसे घेऊन रायले त भरती कवा येते ते तरी सांगा म्हना." त्या दिवसापासून सलीमभाई फोनवर दुकानाचा पत्ता सांगताना "बीच के बाजू में" असं सांगू लागले.

शेवटी वैतागून मी त्या खान्यात दोन शून्यं टाकली. फॉर्म विनातक्रार पुढं गेला! मला वाटलं, जिंकले.

दोन दिवसांनी कंपनीच्या बोटींच्या विभागातून फोन आला. समुद्रापासून अंतर शून्य, म्हणजे वस्तू पाण्यातच आहे, असं कॉम्प्युटरनं ठरवलं होतं. इंदिराबाईंनी माझ्यासमोरच फोन घेतला.

"मॅडम, इंजिन किती हॉर्सपॉवरचं आहे?"

"इंजिन? घरात मीच एकटी हावो बाप्पा," इंदिराबाई म्हणाल्या, "सत्तरीची!"

पण तो बोटींचा माणूस भला निघाला. पोट धरून हसला, आणि त्यानं स्वतः फाइलीवर शेरा मारून ती घरांच्या विभागात पाठवली. "सदर बोट हे घर आहे," असा तो शेरा होता. अधिभार गेला, आणि इंदिराबाईंच्या पेन्शनला झेपेल असा हप्ता निघाला. आता फक्त सर्व्हेअर येऊन घर पाहून जायचा होता.

*

समुद्राचं हे प्रकरण ऐकून आमचे जुने ग्राहक नामदेवराव कडू यांना फार बरं वाटलं. त्यांना वाटत होतं, कंपनीनं येडं फक्त त्यांनाच बनवलं.

नामदेवरावांच्या घराची सपरी, म्हणजे पुढची पडवी, आदल्या उन्हाळ्यात उडाली होती. त्यांनी भरपाईसाठी फोन केला. तिकडून पहिलाच प्रश्न, "सर, वादळाचं नाव काय?"

"नाव? वादळाले कोन बारसं करते वो?"

"सर, प्रत्येक चक्रीवादळाला नाव असतं. सिस्टीममध्ये नाव टाकल्याशिवाय क्लेम पुढं जात नाही."

नामदेवरावांनी मिनिटभर विचार केला. म्हणाले, "न सांगता येते, दोन दिवस थैमान घालते, घराचं पार वाटोळं करून जाते. लिहा, सुनील."

सुनीलराव हे त्यांचे अकोल्याचे जावई!

महिनाभरानं कंपनीचं पत्र आलं. विषय: "सुनील वादळामुळे झालेल्या नुकसानीबाबत." आणि ते पत्र पोस्टमनच्या हातून घेतलं कोणी, तर सासुरवाडीला मुक्कामी आलेल्या खुद्द सुनीलरावांनी. मोठ्यानं वाचलंही त्यांनीच.

"मग काय झालं?" मी विचारलं.

"काय होते? ह्या वर्षी वादळ आलंच नाई न आमच्याकडे!" नामदेवराव म्हणाले. "पोरगी एकटी आली. चार दिवस कसं शांत गेलं!"

*

सर्व्हेअर गावंडे साहेब अकोल्याचे. अकोल्याचा माणूस दुसऱ्या गावात उन्हाला ऊन म्हणत नाही. सलीमभाईंनी पाण्याचा ग्लास पुढं करत "आज लय तापलं साहेब" म्हटलं, तर गावंडे म्हणाले, "हे? आमच्याकडे याले सावली म्हन्ते." आणि तीन ग्लास पाणी प्यायले.

आम्ही तिघं इंदिराबाईंच्या घरी गेलो. गावंडे साहेबांनी भिंती ठोकून पाहिल्या, दारं पाहिली, मान डोलावली. मग वर पाहिलं. छपरावर ओळीनं मोठमोठे गोटे ठेवलेले.

"हे काय हाय?"

"गोटे," इंदिराबाई म्हणाल्या.

"कावून ठेवले?"

"वाऱ्यानं टिनं उडू नाई म्हून."

गावंडे साहेबांनी वही काढली आणि लिहिलं, "छतावर धोकादायक सैल वस्तू." मग म्हणाले, "हे काढा लागते. कोनाच्या डोक्यात पडले त?"

"काढले त टिनं उडतीन न साहेब!"

"उडाले त विमा हाय न बाई!"

"अन् नाई काढले त?"

"त विमा नाई."

इंदिराबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आयुष्यभर पोरांना गणितं घातलेल्या बाई त्या. "म्हन्जे छप्पर टिकलं त विमा नाई, अन् विमा भेटला त छप्पर नाई. असंच न?"

"एकदम बरोबर!" गावंडे साहेब खूश झाले. "लोकायले समजावून समजावून थकतो मी!"

इंदिराबाईंनी माझ्याकडं पाहिलं. काय सांगणार होते मी? पॉलिसी हवी तर अट पाळायला हवी. "काढा बाई," मी म्हटलं. हे मी म्हटलं, हे मला अजून खुपतं.

शेजारच्या माणसानं वर चढून गोटे उतरवले. इंदिराबाईंनी प्रत्येक गोट्यावर खडूनं नंबर टाकला आणि भिंतीला लावून त्यांची रांग केली, शाळेच्या प्रार्थनेसारखी. आठवडाभरात पॉलिसी आली. त्यांनी दुकानात पेढे वाटले, लेकीला व्हिडिओ कॉल लावून पॉलिसीचं पान अन् पान दाखवलं. सुवर्णाही खूश झाली.

*

त्यानंतर दहा दिवसांनी, दुपारी, टिनं गेली. अकरापैकी सात.

मी पुढच्याच एस.टी.नं पोचले. इंदिराबाई घरात पलंगावर बसून होत्या आणि त्यांच्या डोक्यावर निळंभोर आभाळ होतं. मला रडू आवरेना. माझ्याच तोंडानं मी गोटे उतरवायला लावले होते.

"रडता कावून वो?" त्या म्हणाल्या. "बसा. चहा टाकते. सैपाकखोली आता लय हवेशीर झाली."

सलीमभाई मागोमाग टेम्पो घेऊन आले. दुकानातल्या पोचे आलेल्या चादरी त्यांनी स्वतः वर चढून बसवल्या, तात्पुरत्या. ते वर असताना मी पाहिलं, इंदिराबाई खालून त्यांना एकेक गोटा नंबरवार देत होत्या.

सुवर्णाला कळवायचं नाही, असं त्या म्हणाल्या. भरपाई मिळाली, छप्पर नीट झालं, विमा पुढच्या वर्षी चालू राहिला, की मग सांगू. "आत्ता सांगतलं त उद्याच गाडी करून येते अन् मले गाठोड्यासारखी उचलून नेते."

तर आता सगळा भार त्या क्लेमवर आला. तो नाकारला गेला असता तर विमाही गेला असता आणि घरही.

गावंडे साहेब पुन्हा आले. उडालेली टिनं हजर करा म्हणाले. सहा सापडली. सातवं टिन दोन शेतं पलीकडं एका माणसाच्या बकऱ्यांच्या गोठ्यावर मिळालं, अगदी चपखल बसलेलं. तो सोडायला तयार नव्हता. "मी मागाले गेलतो काय? वरून आलं. वरच्यानं देल्लं!"

"टिन तुमचंच कशावरून?" गावंडे साहेबांनी इंदिराबाईंना विचारलं. "नाव हाय काय त्याच्यावर?"

नाव नव्हतं. शेवटी इंदिराबाईंनी बकऱ्यांसाठी दुसरं, पोचे आलेलं टिन देऊ केलं, तेव्हा ते सुटलं. पण त्या प्रश्नाची हाय साऱ्या गल्लीनं खाल्ली. लोकांनी ब्रश घेऊन आपापल्या टिनांवर नावं घातली, लग्नातल्या भांड्यांवर घालतात तशी. एकानं तर "चि. सौ. कां. मंगलाच्या विवाहाप्रीत्यर्थ" असंही लिहून ठेवलं, कारण छप्पर लेकीच्या लग्नात टाकलं होतं. आता वरून विमान गेलं तर पायलटला अख्ख्या गल्लीची हजेरी घेता येईल!

*

क्लेमचा अर्ज इंदिराबाईंनी स्वतः लिहिला. माझं अक्षर त्यांना पसंत नव्हतं, आणि भाषा तर अजिबात नव्हती. बोलताना अस्सल वऱ्हाडी, पण कागदावर पेन टेकलं की शुद्ध पुस्तकी मराठी. चुकूनही "आलं, गेलं" लिहायच्या नाहीत. "आले, गेले."

आणि खऱ्याच्या तर इतक्या पक्क्या की विचारू नका. मी म्हटलं, "बाई, वादळ लिहा फक्त. पॉलिसीत वादळ असा शब्द आहे."

"कावून? वादळाच्या संगं पानी असते. हे कोरडं होतं. निव्वळ वावधन. खोटं कावून लिहू?"

आमच्याकडं सोसाट्याच्या कोरड्या वाऱ्याला वावधन म्हणतात. वऱ्हाडात लहान पोरालाही कळतं. मुंबईच्या हेडऑफिसात ते कोणाला कळत असेल, असा विचार माझ्याही डोक्यात आला नाही. त्यांनी लिहिलं:

"दिनांक अमुक रोजी दुपारी वावधन आले व माझ्या घरावरील सात टिने घेऊन गेले."

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. मी ते सलीमभाईंच्या दुकानात उभ्यानंच वाचलं आणि खुर्ची शोधत बसले.

"आपल्या अर्जानुसार श्री. वावधन यांनी आपल्या घराचे सात पत्रे नेले आहेत. सबब ही बाब वादळात नसून चोरीत मोडते. श्री. वावधन यांच्याविरुद्ध पोलीस तक्रारीची प्रत जोडावी. तसेच खालील प्रश्नांची उत्तरे द्यावीत."

मी हेडऑफिसला फोन लावून घसा कोरडा केला. "अहो, वावधन म्हणजे वारा! माणूस नाही तो!" पलीकडचे साहेब शांतपणे म्हणाले, "असेलही मॅडम. पण लेखी प्रश्नाला लेखी उत्तर लागतं. आणि पोलिसांचा कागद."

इंदिराबाई प्रश्नावली घेऊन बसल्या. विचारलंय ना, मग उत्तर द्यायचं, हा त्यांचा शाळेचा शिरस्ता. त्यांची उत्तरं मी जशीच्या तशी सांगते.

"श्री. वावधन यांना आपण ओळखता काय?" "होय. लहानपणापासून."

"त्यांचे आपल्या घरी येणे-जाणे कधीपासून आहे?" "मी लग्न होऊन या घरी आले, त्याच्याही आधीपासून."

"ते किती वेळा येतात?" "दरवर्षी. चैत्र, वैशाख."

"ते परवानगी घेऊन येतात काय?" "नाही. कोणाचीच घेत नाहीत."

मग आम्ही ठाण्यात गेलो. टेबलामागं हवालदार तायडे. नाव विचारलं, इंदिराबाईंनी सांगितलं, "वावधन." तायड्यांनी पेन खाली ठेवलं.

"बाई, मी तिसरीत तुमच्या हातचा मार खाल्ला होता. पाढे येत नोयते म्हून. तुमी आता काय, मलेच परीक्षेले बसवून रायल्या?"

पण त्यांनी कंपनीचं पत्र वाचलं, उठून आतल्या खोलीत गेले, आतून मोठमोठ्यानं हसण्याचे आवाज आले, आणि परत येऊन गंभीर चेहऱ्यानं त्यांनी सही-शिक्क्याचा दाखला लिहून दिला:

"सदर वावधन हे इसम नसून वारा आहे. तरीही आपल्या मागणीनुसार परिसरात शोध घेतला असता मिळून आले नाही. सध्या फरार."

*

तो दाखला पाहून क्लेमवाल्या विभागानं भरपाई मंजूर केली! इंदिराबाईंच्या घरावर नवीन टिनं लागली, सलीमभाईंनी जाड गेजची निवडून दिली आणि प्रत्येक टिनाला दुप्पट हुक ठोकले. हुक सैल वस्तूंत मोडत नाहीत, असं गावंडे साहेबांकडून आधी लेखी घेतलं.

राहिला पुढच्या वर्षाचा विमा. एकदा क्लेम झाला की कंपनी हप्ता वाढवते किंवा सरळ नाही म्हणते. मी असेन त्या दिवशी इंदिराबाई दुकानात यायच्या आणि माझ्यापुढं बसायच्या. ते मला जड जायचं.

पुढच्या मार्चमध्ये नवीन पॉलिसी आली. हप्ता वाढला नव्हता, उलट कमी झाला होता! मी दोनदा पाहिलं. खाली बारीक इंग्रजी अक्षरात कारण दिलं होतं: घरात एकाहून अधिक प्रौढ व्यक्ती राहत असल्यानं सवलत.

मी पान उलटलं. "घरात राहणाऱ्या व्यक्ती" असा तक्ता. एक, मिसेस इंदिरा मोहोड. दोन, मिस्टर वावधन.

क्लेमवाल्यांना पोलिसांचा कागद गेला होता. पॉलिसी काढणाऱ्यांकडं फक्त इंदिराबाईंची प्रश्नोत्तरं पोचली होती. दरवर्षी येतात, परवानगी घेत नाहीत, लग्नाच्याही आधीपासून येतात, म्हणजे घरचंच माणूस!

मी इंदिराबाईंना सगळं वाचून दाखवलं. "दुरुस्त करायला सांगू का?" मी विचारलं. विचारताना माझा आवाज बारीक झाला होता, कारण नाव काढलं की सवलत गेली, आणि फाइल पुन्हा उघडली की काय होईल सांगता येत नव्हतं. आणि वादळ लिहायला तयार नसलेल्या बाई या!

त्यांनी तक्त्यावर बोट ठेवून दोन्ही नावं वाचली. सलीमभाई गिऱ्हाईक सोडून येऊन उभे राहिले.

"उन्हाळ्याचे दोन महिने रायतेच न थे," इंदिराबाई म्हणाल्या. "माह्यापेक्षा जुनं हाय घरात. खोटं कसं म्हनाव?" आणि सही केली.

मग त्यांनी आजवरचं सगळं लेकीला सांगायचं ठरवलं. टिनं उडाल्याचं, नवीन बसल्याचं. पण आधी पॉलिसीचा फोटो पाठवला, पानं सगळी. पाचव्या मिनिटाला सुवर्णाचा फोन आला. इंदिराबाईंना ऐकायला कमी येतं, म्हणून फोन स्पीकरवर असतो. दुकानात आम्ही तिघं आणि खिळे घ्यायला आलेली दोन गिऱ्हाइकं.

"आई, विमा मिळाला, ते सगळं ठीक आहे. मी शब्द दिलाय, तू राहा तिथं," सुवर्णा म्हणाली. मग आवाज खाली गेला. "पण दुसऱ्या पानावर हे मिस्टर वावधन कोण आहेत?"

सलीमभाईंनी टेप खाली ठेवला. मी पदर तोंडात कोंबला.

"आई? आपल्या घरात राहतात ते? कधीपासून? तू मला एका शब्दानं बोलली नाहीस! आई, मी बोलतेय. कोण आहेत ते?"

इंदिराबाईंनी फोन तोंडाजवळ नेला.

"ओळखलं नाई व्हय त्यायले?" त्या म्हणाल्या. "अवं, मी शाळेत गेली का सपरीतला तुहा पाळणा त्यायनंच त हलवला!"